केशरबाईंचं मनगट

आमचा कारखाना केशरबाईंच्या डाव्या मनगटावर चालायचा. हे मी रंगवून सांगत नाही. वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन गाळे जोडून आम्ही चौदा माणसं ‘पाठराखण’ नावाचं मलम बनवतो. मेण, तेल, कापूर, पिपरमिंटचे खडे आणि मिरचीचा अर्क. बाटली लहान, झाकण हिरवं आणि गिऱ्हाईक ठरलेलं: खोपटच्या डेपोतले ड्रायव्हर, कल्याणच्या बाजारातले हमाल आणि गुडघे धरून जिने चढणारं निम्मं ठाणं.

मी तिथली केमिस्ट. एम.एस्सी. करून आले तेव्हा मला वाटलं होतं, आता इथे यंत्रं असतील, आकडे असतील, पांढरा कोट असेल. कोट मिळाला. बाकी मालाची परीक्षा करायला होत्या केशरबाई. वय छप्पन, उंची बेताची, अंबाड्यात अबोलीचा एखादा तरी वळेसर, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचा लेथवाला वर बघायचा. एकतीस वर्षं त्या इथे आहेत. आमचे मालक रवींद्रशेठ तेव्हा शाळेत होते.

परीक्षेची पद्धत अशी. मलमाचं भांडं उतरलं की केशरबाई हात धुऊन, कोरडा करून, खिडकीजवळच्या लाकडी स्टुलावर बसायच्या. वाटाण्याएवढं मलम डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, चार बोटं खाली. जागा तीच. मोठ्या शेठनी, म्हणजे रवींद्रशेठच्या वडिलांनी, पहिल्या दिवशी बजावलं होतं, माप बदलायचं नाही. मग डोळे मिटून त्या एसटीने गावाला निघायच्या. त्यांचं माहेर महाडजवळ. एका गावाला सहा श्वास, असा हिशोब. “खोपट... कळवा... मुंब्रा... पनवेल...” थंडावा पनवेलला यायला हवा. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, आणि माणगावला ऊब. तेव्हा त्या डोळे उघडायच्या आणि म्हणायच्या, “पास.” ऊब पेणलाच आली तर मिरची जास्त, माणगाव ओलांडून पुढे गेली तर कमी. आमच्या वहीत खरोखर लिहिलेलं असायचं: पनवेल–माणगाव, पास. पहिल्यांदा ती वही पाहून मी एवढी हसले की रवींद्रशेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“हसू नकोस,” ते म्हणाले. “बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट वर्षातून एकदा येतो. बाईंचा रोज येतो. आणि अजून दोघांचं भांडण झालेलं नाही.”

खरंच झालेलं नव्हतं. मी गुपचूप पाच वर्षांचे रिपोर्ट वहीशी ताडून पाहिले होते, म्हणून सांगते.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना माझं शास्त्र सांगायचे. त्या त्यांच्या डब्यातली सुकट मला वाढायच्या, मी त्यांना मज्जातंतू वाढायचे. “मावशी, कातडीच्या खाली नसांची बारीक टोकं असतात. त्या टोकांवर दारं असतात. इतकी लहान की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत. शास्त्रात त्यांना आयन चॅनेल म्हणतात. एक दार उन्हाच्या चटक्याला उघडतं, एक गारव्याला. दार उघडलं की क्षाराचे कण आत घुसतात, नस थरारते आणि मेंदूला वर्दी जाते. गंमत अशी, चटक्याचं जे दार आहे, त्याचीच किल्ली मिरचीकडे पण आहे. आणि गारव्याच्या दाराची किल्ली पिपरमिंटकडे.”

“म्हणजे मलम थंड नसतं?”

“नाही. गरमही नसतं. थर्मामीटर लावा, काहीच फरक नाही.”

केशरबाईंनी घास थांबवला. “म्हणजे एकतीस वर्षं आपण लोकांना फसवतोय?”

“फसवत नाही हो. नुसती दारं वाजवतोय.”

“मग दुखणं कसं थांबतं?”

“मेंदू दारावर कोण आलं ते बघत बसतो, तेवढ्यात दुखण्याकडे दुर्लक्ष होतं. आणि मिरचीने दार सारखं सारखं वाजवलं की ते दार कंटाळतं. उघडेनासं होतं. दुखण्याची वर्दीही मग त्या वाटेने जात नाही.”

हे मी बोलले. माझ्या तोंडाने, डब्यावर बसून, सुकट खाताना. आणि पुढे काय घडतंय ते माझ्याच डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. शिकलेल्या माणसाइतकं आंधळं कोणी नसतं.

झालं असं की गेल्या होळीच्या सुमारास ऊब माणगावच्या पुढे, लोणेऱ्याला यायला लागली. “अर्क पातळ आलाय गं,” केशरबाई म्हणाल्या. मी थोडा वाढवला. पुन्हा माणगाव. गुढीपाडव्याला महाड. मी आणखी वाढवला. अर्क कल्याणच्या एका व्यापाऱ्याकडून यायचा. मी त्याला फोन करून झापलं. तो बिचारा शपथा घेत राहिला की ताई, माल तोच आहे, मी कशाला मिरचीत पाणी घालू. मी त्याचं ऐकलं नाही. माझ्या नाकावर राग असतो, असं आमची आई म्हणते, आणि आई क्वचितच चुकते. वटपौर्णिमेपर्यंत मी अर्क जवळजवळ दुप्पट केला होता आणि वहीत रोज पास, पास, पास.

मग जुलै आला. ठाण्यातल्या रस्त्यांचं जुलैत काय होतं ते मी सांगायला नको. खड्ड्यांनी कंबरा मोडतात आणि आमचा खप वाढतो. त्या आठवड्यात एका सकाळी खोपट डेपोचे ड्रायव्हर तानाजीराव थेट कारखान्यात आले. गणवेशाचा शर्ट अंगावर, पण सगळी बटणं उघडी, आणि आत बनियन नाही.

“कोण बनवतं हे?” त्यांनी हिरव्या झाकणाची बाटली टेबलावर आपटली. “आठ वर्षं लावतोय मी. आज ड्युटीवर चढायच्या आधी कंडक्टरने पाठीला चोळून दिलं. गाडी डेपोतून काढली नव्हती अजून, इंजिन तापलं, आणि मी पेटलो! उडी मारून नळाखाली बसलो तर अजून भडका! पॅसेंजर व्हिडिओ काढतायत, मी नाचतोय!”

“पाणी नाही टाकायचं,” मी म्हणाले, “मिरची पाण्यात विरघळत नाही. तेलाने पुसायचं, मग साबण.”

“ते कँटीनच्या बाईला कळलं. तिने अख्खी पळी शेंगतेल ओतली पाठीवर. तुम्ही बाटलीवर का नाही लिहिलं?”

ते मागे वळले आणि शर्ट वर करून पाठ दाखवली. पाठ पापडाच्या पिठासारखी तेलात न्हालेली आणि लालबुंद. आमच्या पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि थोड्या वेळाने तानाजीरावसुद्धा हसायला लागले, कारण माणूस मुळात चांगला. पण दुपारपर्यंत कल्याणच्या दुकानदाराचा फोन आला, मग डोंबिवलीचा. सगळा माल परत.

मी बाटली उघडली, वाटाण्याएवढं मलम माझ्या मनगटावर लावलं आणि खोपटहून निघाले. कळवा येईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी.

आणि मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी सगळ्यांच्या देखत स्टुलाजवळ गेले आणि ओरडले, “मावशी, तुम्हाला काहीच लागलं नाही? काहीच? कशावर पास म्हणत होता तुम्ही?”

केशरबाईंनी स्टुलावरून उठून वही मिटली. रवींद्रशेठ केबिनच्या दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, “बाई, उद्यापासून जरा पॅकिंगला बसा. मग बघू.” पॅकिंग म्हणजे लेबलं चिकटवणं. एकतीस वर्षांत त्यांना कोणी त्या टेबलावर बसवलं नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांना शोधत मागच्या गॅलरीत गेले. तिथे नळ आहे आणि नळाखाली कायमचं डबकं, म्हणून डासांचं साम्राज्य. केशरबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या आणि कराकरा हात खाजवत होत्या. कोपर खाजवलं, दंड खाजवला. डाव्या मनगटावरही एक गांधी उठली होती, चांगली टम्म. तिला त्यांनी बोटही लावलं नाही.

“ते नाही का खाजत?” मी विचारलं.

त्यांनी झटकन पदर मनगटावर ओढला. आणि मग, का कोण जाणे, पुन्हा काढला. “नाही खाजत. पाडव्यापासून नाही. चावतो, फुगतं, पण खाज नाही. चटका बसला तरी कळत नाही. परवा तव्याला लागलं, वास आला तेव्हा समजलं.”

“मग ऊब?”

“ऊब आधी उशिरा यायची. वटपौर्णिमेनंतर आलीच नाही गं. अंदाजाने सांगत होते मी. माणगाव आलं की म्हणायचं, पास.” त्यांचा आवाज फुटला. “आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पोस्टर लावलंय, वाचलंस ना? न दुखणारा, न खाजणारा चट्टा. लगेच दाखवा. मी रोज तिथूनच येते. रोज वाचते आणि पुढे जाते. घरात सून आहे, चार महिन्यांची नात आहे. सान्वीला मी उजव्या हातानेच घेते. डावा लावत नाही.”

त्यांना वाटत होतं, कुष्ठरोग झालाय. आणि मी दुपारी त्यांच्यावर ओरडले होते. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की राग येतो, म्हणून मी रागानेच म्हणाले, “मावशी, तो रोग असला तरी गोळ्या मिळतात, फुकट मिळतात, पूर्ण बरा होतो. पण मला नाही वाटत तो आहे. उद्या माझ्याबरोबर चला.”

घरी जाऊन मी जुनी पुस्तकं काढली. जे डब्यावर बसून फुशारकीने सांगितलं होतं, तेच त्यात छापलेलं होतं. मिरचीने तेच दार रोज, एकाच जागी, वर्षानुवर्षं वाजवलं तर आधी दार उघडेनासं होतं आणि मग नसेची टोकंच तिथून मागे सरतात. चटका जातो आणि खाजही जाते, कारण खाजेच्या बऱ्याचशा वर्द्या त्याच नसांवरून, त्याच दारांच्या मदतीने जातात. आणि ऊब उशिरा येते म्हणून आम्ही काय केलं? मिरची वाढवली. दार दमलं होतं आणि आम्ही ते आणखी जोरात ठोकत होतो. माप बदलू नये म्हणून जागा बदलली नाही, आणि त्यापायी मापच बदललं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर निशिगंधा माझ्याच वयाच्या. त्यांनी केशरबाईंना डोळे मिटायला लावले आणि कापसाचं टोक मनगटावर फिरवलं. “लागतंय का?”

“लागतंय.”

“इथे?”

“लागतंय. गुदगुल्या होतायत.”

मग गरम पाणी भरलेली काचेची नळी टेकवली. ती लागली नाही. बाजूला, बोटभर अंतरावर, लगेच लागली. त्यांनी कोपरामागची नस चाचपली, पायांचे तळवे पाहिले, पाठ पाहिली, कानाच्या पाळ्या पाहिल्या, चट्ट्यातून थोडा नमुना घेतला. नमुन्याचा निकाल चार दिवसांनी आला. “तो रोग नाही. तुमच्या मलमाने केलंय हे. मलम बंद, तिथे काही लावायचं नाही, भाजू नये म्हणून जपायचं. महिना दोन महिने, कदाचित जास्त. नसांची टोकं परत वाढतात.”

“आणि नाही वाढली तर?” केशरबाईंनी विचारलं.

“बहुतेक वाढतात,” डॉक्टर म्हणाल्या. डॉक्टर लोक प्रामाणिक असले की असंच बोलतात.

हे ‘बहुतेक’ घेऊन केशरबाई लेबलं चिकटवायला बसल्या. रवींद्रशेठ वाईट माणूस नाहीत. मी सगळं समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत बसले. “दिवाळीपर्यंत थांबतो,” ते म्हणाले. “हात परत आला तर स्टूल त्यांचं. नाही तर दुसरं माणूस बघावं लागेल. कारखाना आहे, कृतिका.” मिरचीचं प्रमाण मी मूळ वजनावर आणलं, बाटलीवर तेलाची सूचना छापली, दर महिन्याला नमुना लॅबला पाठवायला लागले. तानाजीरावांना मी स्वतः जाऊन नव्या मालाच्या दोन बाटल्या दिल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि आधी कंडक्टरच्या पाठीला लावून बघितल्या.

मधल्या काळात स्टुलावर पॅकिंगमधल्या रतनला बसवून पाहिलं. रतन नाजूक. खोपटलाच “आई गं!” मग विमलाबाईंना बसवलं, तर त्या पेणपर्यंत गेल्या आणि तिथून त्यांना नणंदेच्या लग्नाची आठवण आली, ऊब कुठे आली ते राहूनच गेलं. मी स्वतः बसले तर मला घाई. केशरबाई लेबलांच्या टेबलावरून हे सगळं ऐकायच्या आणि मान हलवायच्या. रोज दुपारी त्या माझ्याकडे यायच्या, डोळे मिटायच्या, आणि मी कोमट पाण्याची बाटली मनगटाला टेकवायचे.

“लागतंय?”

“नाही.”

ऑगस्ट गेला, गणपती गेले. नाही. दसऱ्यालाही नाही. त्या हसून म्हणायच्या, “लेबल चिकटवायला मनगट लागत नाही, बोटं लागतात.” पण अबोलीचा वळेसर माळायचा त्यांनी बंद केला होता, आणि ते कोणाच्याही लक्षात येत होतं.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. “लगेच ये,” एवढंच म्हणाल्या आणि ठेवला. मी केस न विंचरता रिक्षात बसले. किसन नगरातला त्यांचा जिना चढेपर्यंत मी मनात काय काय वाईट चिंतलं ते लिहीत नाही.

दार उघडंच होतं. केशरबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसलेल्या. पुढे विळी, विळीशेजारी अर्धा चिरलेला सुरण, चांगला मोठा, आणि त्यांचे दोन्ही हात पुढे पसरलेले, लालभडक. सुरण चिरताना हाताला तेल लावायचं हे पोराटोरांना माहीत असतं; केशरबाईंना तर चाळीस वर्षं माहीत आहे. त्यांची सून विनिता पातेलं घेऊन उभी होती, त्यात चिंचेचं पाणी. तिच्या कडेवर सान्वी.

“ताई, तुम्हीच सांगा यांना,” विनिता म्हणाली. “अर्धा तास झाला. तेल न लावता मुद्दाम चिरलाय सुरण. आणि आता धुवू देत नाहीत.”

“अगं खाजतंय!” केशरबाई ओरडल्या. शेजारच्या दोन दारांमधून माणसं बाहेर आली असावीत. “बघ, इथे! बरोबर इथे! आधी आजूबाजूला सुरू झालं, मला वाटलं मधे गप्पच राहणार. आणि मग आलं गं, हळूहळू आलं. डाव्या मनगटाला खाज सुटली माझ्या!”

मी खाली बसले. त्या जागेवर बोट ठेवलं, नखाने हलकेच ओढलं. त्यांनी “स्स” केलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्या हसतही होत्या. मीही रडत होते, आणि या वेळेला मला राग आला नाही.

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तू सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “दोघी शिकलेल्या, दोघींवर विश्वास ठेवला. पण झोप नव्हती गं मला. रोज वाटायचं, यांना काय माहीत. आता कोण काय सांगणार मला? मलाच कळतंय.”

“आता धुवा, मावशी. सालटी निघतील.”

“थांब जरा. शेठना सांग, उद्या स्टुलावर बसते. पण मनगट आता नाही मिळायचं त्यांना. कोपर घ्या, दंड घ्या, मान घ्या, पाळीपाळीने घ्या. हे माझं.”

विनिताने पातेलं पुढे ठेवलं. केशरबाईंनी उजवा हात चिंचेच्या पाण्यात बुडवला. डावा बाहेरच ठेवला.